हेमंत पाण्यात पडला तर: पानशेतचे दोन दिवस

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी जेवताना हेमंतनं सांगितलं, की त्यानं आम्हा दोघांसाठी पानशेतला दोन दिवसांचं शिबिर ठरवलंय आणि पैसेही भरून टाकलेत. शिबिर कशाचं, तर शिडाच्या होडीतून माणूस पाण्यात पडला तर त्याला परत कसं उचलायचं याचं. आमटी वाढता वाढता माझा हात थांबला. एकतीस वर्षांच्या संसारात या माणसानं लाइट बिल सोडून आपणहून काही आगाऊ भरल्याचं मला आठवत नाही. आणि तेही माझ्यासाठी.

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते, त्यामुळे परीक्षेच्या सुपरव्हिजनमध्ये माझं अर्धं आयुष्य गेलंय. कॉपी करणाऱ्या मुलाची खूण सांगते. तो प्रश्नपत्रिकेकडे कमी बघतो आणि बाईंकडे जास्त. हेमंत त्या मंगळवारी माझ्याकडे फार बघत होता. वर "आमटी छान झालीये" असंही म्हणाला. आमटी बरी होती, छान नव्हती.

थोडं मागचं सांगते, म्हणजे माझा संशय तुम्हाला उगाच वाटायला नको. हेमंत दोन वर्षांपूर्वी रिटायर झाला आणि त्याला शिडाच्या होडीचं वेड लागलं. कॉलेजातला मित्र शिरीष आणि हा, दोघांनी मिळून मांडव्याला एक जुनी, छोट्या केबिनची यॉट घेतली. महिन्यातून दोनदा दोघं तिकडे जातात. येत्या डिसेंबरात मी आणि तो, दोघंच, मांडव्याहून मुरूडपर्यंत तीन दिवस जायचं, असं त्याचं स्वप्न. माझा प्रश्न पहिल्या दिवसापासून एकच होता, "तू पडलास तर मी काय करू?" त्याचं उत्तरही एकच असायचं, "मी कशाला पडतोय?"

गेल्या नोव्हेंबरपासून उत्तर बदललं. त्या महिन्यात एका रविवारी मांडव्याहून तो फोन, चष्मा आणि स्कूटरची किल्ली अशा तिन्ही वस्तू हरवून घरी आला. म्हणे, वाकलो तेव्हा खिशातून पडल्या. चष्मा खिशात कसा? काढला होता. का? घाम आला होता. नोव्हेंबरात, समुद्रावर, घाम. बाईबिईचा संशय मला आला नाही. बाई असती तर चष्मा नवीन आला असता, हरवला नसता. पण त्यानंतर मी तो प्रश्न विचारला की तो म्हणायचा, "बरोबर आहे तुझं. शिकायला हवं." माझं बरोबर आहे, हे वाक्य आमच्या घरात इतक्या सहजासहजी येत नाही. मी ते लक्षात ठेवलं.

शनिवारी पहाटे सहाला नारायण पेठेतून निघालो. तुम्ही जाणार असाल तर सहाच. सिंहगड रस्ता साडेसातनंतर तुंबतो, आणि मग दीड तासाच्या प्रवासाला किती लागेल हे कुणीच सांगू शकत नाही. खडकवासल्याला धरणाच्या भिंतीजवळ गाडी लावून कांदापोहे खाल्ले. पोह्यांत शेंगदाणे मोजके आणि चहा गोड, पण गरम होता. डोणज्याच्या पुढे सिंहगडाची गर्दी डावीकडे वळते आणि पानशेतचा रस्ता एकदम मोकळा होतो. उजव्या हाताला पाणी दिसत राहतं. सकाळी त्यावर धुकं होतं. मला खरंच छान वाटलं, हे कबूल करते. तेवढ्यात हेमंतच्या गळ्यात चष्म्याची दोरी दिसली. काळी, जाड, नवीकोरी.

"ही कधी घेतलीस?"

"परवा. पाण्यावर लागते."

"गेली दोन वर्षं नाही लागली."

तो रस्त्याकडे बघून गाडी चालवत राहिला. एरवी हा माणूस गाडी चालवताना माझ्याकडे वळून बोलतो आणि मला ओरडावं लागतं.

राहायची सोय गावातल्या हौसाबाईंच्या घरी होती. दोन खोल्या भाड्यानं देतात. दोघांचे दोन वेळच्या जेवणासकट अठराशे रुपये, खोली स्वच्छ, संडास बाहेरच्या अंगाला, मोबाइलला रेंज फक्त पायरीवर. हौसाबाईंनी आमच्या पिशव्या बघून विचारलं, "हितं काय शिकायला आलाय म्हनं?"

हेमंतनं सांगितलं, होडीतून पडलेला माणूस कसा काढायचा ते.

"म्हंजी पडायचं शिकायला पुन्याहून आलाय व्हय," त्या म्हणाल्या. "आमची मानसं तर फुकट पडत्यात." आणि भाकरी थापायला आत गेल्या.

शिकवणारे अन्वरभाई. साठीच्या आतबाहेरचे, अंगानं किरकोळ, आवाज हळू. यांच्या घरात तीन पिढ्या ताडपत्र्या आणि मांडवाची कापडं शिवायचं काम, कसबा पेठेत. तरुणपणी कुणीतरी फाटलेलं शीड शिवायला आणून टाकलं. शिवल्यावर ते वाऱ्यात कसं दिसतं हे बघायला ते गेले आणि तिथेच अडकले, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. शिबिरात आमच्याशिवाय एकच मुलगी होती, स्नेहल. मूळची यवतमाळची, हिंजवडीत नोकरीला, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो चोविसाव्या वर्षी.

"काकू, मला तर स्विमिंगपण नीट येत नाही," ती म्हणाली. "पण आईला सांगितलंय की टीम आउटिंग आहे."

म्हणजे तिथे खरं सांगून आलेलं कोणीच नव्हतं.

मी आधी लाइफ जॅकेटं तपासली. कुणाला राग आला तर येऊ दे. अन्वरभाईंना आला नाही. "मॅडम, शिवण माझीच आहे, ओढून बघा," म्हणाले. मी ओढून बघितली. उसवली नाही. मग दुसऱ्या जॅकेटची ओढली.

या जॅकेटाला खालून, दोन पायांमधून घ्यायची एक पट्टी असते. ती विचित्र दिसते म्हणून लोक बांधत नाहीत. नाही बांधली तर पाण्यात जॅकेट वर सरकतं, आणि ओढून काढायला जावं तर जॅकेट हातात येतं अन् माणूस खालून निसटतो. तुम्ही कुठेही, अगदी सहलीच्या होडीत बसलात, तरी ही पट्टी असेल तर बांधा. हे अन्वरभाई आम्हाला समजावून सांगत होते, तेव्हा हेमंतनं ती आधीच बांधली होती. दोनदा खेचून बघितली. पुण्यात हा माणूस हेल्मेट कोपरात अडकवून फिरतो.

पाण्यात टाकायला एक बाहुला होता. वीस लिटरचा कॅन, अर्धा पाण्यानं भरलेला, त्याला जुनी पँट आणि वर आपण आणलेला शर्ट. मी हेमंतचा नारिंगी चौकड्यांचा शर्ट नेला होता, मला तो कधीच आवडला नव्हता. अन्वरभाई त्या बाहुल्याला पाहुणे म्हणतात. "पाहुणे पडले," असं शांतपणे म्हणून ते त्याला पाण्यात सोडून देतात, आणि मग आपली धावपळ.

नियम असा. माणूस पडला की आधी ओरडायचं, "पडला". मग तरंगणारं कडं त्याच्याकडे फेकायचं. आणि लगेच हात लांब करून त्याच्यावर रोखायचा. हात खाली घ्यायचा नाही, नजर काढायची नाही, शिंक आली तरी. कारण पाण्यात माणसाचं फक्त डोकं दिसतं, नारळाएवढं, आणि मध्ये दोन लाटा आल्या की तेही दिसत नाही. एकदा नजर सुटली की पुन्हा सापडेल याची खात्री नाही. बाकीच्यांनी होडी वळवायची.

"आणि बाकीचे नसतील तर?" मी विचारलं. "आम्ही दोघंच असणार आहोत. एक पडला की उरते मी."

अन्वरभाई म्हणाले, "मग डोळे त्यांच्यावर, मॅडम, आणि हात बाकी सगळ्यावर. सुकाणूकडे बघायचं नाही. दोरीकडे बघायचं नाही. घरी दुधावर लक्ष ठेवून भाजी चिरता ना, तसं."

"घरी दूध हा तापवतो."

"उतू जातं का?"

"जातं."

"मग तुम्हीच शिका," ते म्हणाले.

पहिल्यांदा पाहुणे पडले तेव्हा मी ओरडले, कडं फेकलं, सुकाणूचा दांडा ढकलला, होडी छान गोल फिरली आणि शर्ट अलगद माझ्या हाताशी आला. स्नेहलनं टाळ्या वाजवल्या. हेमंत म्हणाला, "व्वा, वसू, पहिल्याच फटक्यात." मला घाम फुटला. पहिल्याच फटक्यात मला आजवर पुरणपोळीसुद्धा जमलेली नाही. दुसऱ्यांदाही तसंच झालं, तेव्हा मी खाली बघितलं. दांड्याच्या पलीकडच्या बाजूला अन्वरभाईंचा गुडघा टेकलेला होता.

"अहो, हे काय आहे?"

"आधार आहे, मॅडम."

"समुद्रात तुमचा गुडघा येणार आहे का आमच्याबरोबर?"

मी त्यांना पुढे, डोलकाठीपाशी बसवलं, दोन्ही हात मांडीवर, मला दिसतील असे. कॉपी करणाऱ्याला पहिल्या बाकावर बसवतात तसं. त्यानंतर मी तीनदा पाहुण्यांच्या अंगावरून गेले, दोनदा लांबून गेले आणि एकदा त्यांना सोडून काठाकडेच निघाले. चौथ्या तासाला समजलं, की चूक कुठे होतेय. मी घाईनं सरळ त्यांच्यावर जात होते, वारा पाठीशी घेऊन, मग होडी थांबणार कशी? थोडं पलीकडे जाऊन, वळून, वाऱ्याकडे तोंड करून यायचं. मग शीड फडफडतं, जोर जातो आणि होडी आपोआप थांबते. हे गणितासारखंच आहे, उत्तराकडे सरळ पळालं की चुकतं. बाराच्या सुमाराला मी पाहुण्यांना पहिल्यांदा माझ्या हातानं, प्रामाणिकपणे, काढलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि मला ते आवडलं.

जेवण हौसाबाईंकडून डब्यात आलं. पिठलं, भाकरी, ठेचा, आणि त्यांनी आपणहून घातलेलं वांग्याचं भरीत. जेवताना अन्वरभाई म्हणाले, "माणूस वादळात पडत नाही, मॅडम. वादळात तो धरून बसतो. तो पडतो हवा शांत असताना, लघवीला कडेला उभा राहतो तेव्हा. म्हणून होडीत डबा ठेवायचा आणि बसून करायची. पुरुषांनीसुद्धा."

स्नेहल हसली. हेमंत हसला नाही. तो भाकरीचा तुकडा ठेच्यात घोळवत राहिला, जरुरीपेक्षा जास्त वेळ. अन्वरभाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि लगेच माझ्याकडे. मी तीस वर्षं दोन बाकांमधल्या नजरा बघत आलेय. या दोघांमध्ये काहीतरी आहे, हे मला तेव्हाच कळलं.

दुपारी वारा वाढला. आता पाहुण्यांऐवजी खरा माणूस पाण्यात जाणार होता. स्नेहलला धड पोहता येत नव्हतं. मी जाऊन उपयोग नव्हता. हेमंत उठला, दोरी लावलेला चष्मा काढून मला दिला आणि म्हणाला, "मी पडल्यावर आधी लांब जा. लगेच वळू नकोस. होडीची पाठ दिसू दे मला."

"का?"

"तसंच होतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "होत असेल."

तो पडला. मी ओरडले, कडं फेकलं, हात रोखला. होडी पुढे गेली. त्यानं सांगितलं होतं म्हणून मी वळायला उशीर केला आणि सगळा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. पाणी गार होतं, लाटा छोट्याच होत्या, जॅकेट घट्ट होतं, काठ तीनशे हातांवर होता, भिण्यासारखं काही नव्हतं. पण त्याचा चेहरा मी पाहिला. पाण्यात पहिल्यांदा पडलेल्या माणसाचा चेहरा तो नव्हता. त्याला ते सगळं माहीत होतं. त्यानं एक हात वर केला होता आणि तो हलवत नव्हता, नुसता वर धरून होता.

मी वळले, पलीकडे गेले, वाऱ्याकडे तोंड केलं आणि पहिल्याच फेरीत त्याच्यापाशी थांबले. उचलणं वेगळंच प्रकरण आहे. ऐंशी किलोचा ओला नवरा हातानं उचलला जात नाही; जाईल असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावं. त्याच्या काखेतून पट्टा घालायचा, तो डोलकाठीवरून आलेल्या कप्पीच्या दोरीला अडकवायचा आणि दोरी ओढायची. दोरी माझ्या दोन्ही तळव्यांना लागली. स्नेहल मदतीला उठली तर अन्वरभाईंनी तिला खाली बसवलं. तो कडेवरून आत आला आणि त्यानं माझं मनगट धरलं. होडी काठाला लागेपर्यंत सोडलं नाही.

"किती थरथरतोयस," मी म्हटलं.

"गार आहे पाणी."

चार वाजता काठावर चहा झाला. स्नेहल फोटो काढायला गेली होती. मी हेमंतला त्याचा चष्मा परत दिला आणि विचारलं, "नोव्हेंबरात चष्मा कुठे पडला?"

तो म्हणाला, "माझ्याबरोबर पडला."

त्यानं सांगितलं ते असं. हवा शांत होती. जॅकेट काढून ठेवलं होतं. शिरीष खाली चहा करायला गेला आणि हा मागे कडेला उभा राहिला, अन्वरभाई जेवताना म्हणाले त्याच कारणासाठी. एक छोटी लाट आली. यानं हाक मारली, पण खाली स्टोव्हचा आवाज. होडी चालत राहिली. शिरीष दोन कप चहा घेऊन वर आला, तेव्हा मागे कुणीच नव्हतं आणि कधीपासून नव्हतं हे त्याला माहीत नव्हतं. मागून मासेमारीची एक होडी घरी परतत होती. त्यांना हा दिसला म्हणून आज मी हे लिहितेय.

"किती वेळ होतास?"

"घड्याळ नव्हतं. चहा गार झाला होता म्हणाला शिरीष."

त्या रविवारी दुपारी मी त्याला दोनदा फोन लावला होता. बंद लागला. मला स्पष्ट आठवतं, मी मनात म्हटलं होतं, मुद्दाम बंद केलाय, माझं बोलणं नको म्हणून. मी चिडून टीव्ही लावला होता. मला इतका राग आला की काठावरची सगळी माणसं मला नकोशी झाली. त्याचा राग आला, शिरीषचा आला, माझा आला. तीन महिने हा माणूस माझ्याशेजारी बसून रोज आमटी-भात जेवला.

मी उठून अन्वरभाईंकडे गेले. ते शिडाची घडी घालत होते.

"तुम्हाला माहीत होतं."

"होतं, मॅडम. त्यांनी फोनवर सांगितलं. मी म्हटलं, आधी घरी सांगा, मग या. ते म्हणाले, तिथेच सांगतो."

"मग तुम्ही का नाही सांगितलंत?"

"घरचं भांडण मी होडीत लावत नाही," ते म्हणाले. "होडी लहान असते."

रात्रीचं जेवण मी पायरीवर एकटीनं केलं. मटकीची उसळ होती, चांगली होती. हौसाबाईंनी न मागता एक जास्तीची भाकरी वाढली.

रविवारी सकाळी मी हेमंतशी एक शब्द बोलले नाही. होडीत त्याच्याकडे पाठ करून बसले. तो माझ्या मागे, होडीच्या शेपटाकडच्या टोकाला. सुकाणू माझ्या हातात, नजर समोरच्या डोंगरावर. मनात सगळं पुन्हा पुन्हा घोळवत होते. मांडव्याची यॉट विकायची, शिरीषच्या बायकोला फोन करायचा, तिला तरी माहीत आहे का विचारायचं. किती वेळ गेला मला कळलं नाही. स्नेहल गप्प होती. सगळेच गप्प होते. आणि मग ते गप्प राहणं मला खटकलं, वर्गात एकदम शांतता झाली की खटकतं तसं. मी मागे वळले.

लांब, फार लांब, पाण्यावर एक नारिंगी ठिपका होता. चौकड्यांचा शर्ट.

हेमंत जागेवरच बसलेला होता. पाहुणे पडले होते. अन्वरभाईंनी त्यांना आवाज न करता सोडून दिलं होतं आणि बाकीच्यांना बोलू नका म्हणून खूण केली होती. मला हे सगळं कळत होतं. कॅन आहे, पाणी आहे, शर्ट जुना आहे, मला आवडत नाही. तरी हात आपोआप वर गेला आणि त्या ठिपक्यावर रोखला गेला. दोनदा तो लाटेमागे गेला आणि दोनदा मला वाटलं, संपलं. मी हातानं चाचपून दोरी सोडली, दांडा ढकलला, एकदाही खाली बघितलं नाही. पलीकडे गेले. वळले. वाऱ्याकडे तोंड केलं. शीड फडफडलं. शर्टाची कॉलर धरून मी पाहुण्यांना आत ओढलं आणि त्या ओल्या कॅनवर हात ठेवून बसून राहिले. रडले, सांगायला लाज नाही.

"मी पण शिरीषच निघाले," मी म्हटलं. आदल्या दुपारच्या चहानंतर हेमंतशी बोललेलं पहिलं वाक्य.

"नाही," तो म्हणाला. "शिरीष माझ्यावर विश्वास ठेवून खाली गेला. हेमंत आहे ना वर, मग झालं. तू तसा कधी ठेवत नाहीस."

"हे कौतुक आहे का?"

"माहीत नाही. पण पाण्यात होतो ना, होडीची पाठ लहान होत चालली होती, तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं. वसू असती तर आत्तापर्यंत ओरडली असती. चहा ठेवून वर आली असती, आणि विचारलं असतं, मागे एवढा वेळ काय करतोयस?"

स्नेहल दुसरीकडे बघायला लागली. अन्वरभाई मांडीवर हात ठेवून डोलकाठीपाशी बसलेले होते, मी काल बसवले तसेच.

खरं आहे. मी विचारलंच असतं.

परत येताना खडकवासल्याला भाजलेली कणसं खाल्ली आणि धायरीपासून पुढे अपेक्षेप्रमाणे दीड तास गाडीत बसून काढला. रविवारी परतणार असाल तर तीनच्या आत निघा, आम्ही पाचला निघालो आणि भोगलं. सोबत काय न्यावं हे विचाराल, तर जीन्स नको, ओली झाली की वाळत नाही. चष्म्याला दोरी. दोरी ओढायला हातमोजे, मी नेले नव्हते आणि अजून तळव्यांवर वळ आहेत. ज्याच्याबरोबर पाण्यावर जाणार आहात त्याच्याकडून जे काही ऐकायचं राहिलंय, ते आधी काठावर ऐकून घ्या.

राग गेला का? पूर्ण नाही. हेमंतनं शिरीषसमोर मला सगळं पुन्हा सांगायचं, अशी माझी अट आहे, आणि ती त्यानं मान्य केलीय. शिरीष अजून फोन उचलत नाही. डिसेंबरात मुरूडला आम्ही जातोय. मी हो म्हटलं, कारण मी नाही म्हटलं तर हा शिरीषला घेऊन जाईल, आणि शिरीष चहा करायला खाली जाईल.

सोमवारी सकाळी हेमंत स्कूटरवर मार्केट यार्डला निघाला, महिन्याचे कांदे-बटाटे आणायला. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. त्यानं हेल्मेट डोक्यावर घातलं, पट्टा लावला आणि दोनदा खेचून बघितला. निघाला. रिक्षा, शाळेच्या व्हॅन, दुधाची गाडी, त्यातून त्याचं पांढरं हेल्मेट कधी दिसत होतं, कधी नाही.

समोरच्या गॅलरीतल्या जोशीवहिनींनी विचारलं, "वसुधाताई, काय दाखवताय?"

माझा हात वर होता. एका हातात ओला टॉवेल आणि दुसरा सरळ रस्त्याकडे रोखलेला. मला माहीतही नव्हतं.

"काही नाही, वहिनी," मी म्हटलं. "जातोय तो, तेवढं बघतेय."

हात मी खाली घेतला नाही. चौकात वळायच्या आधी पांढरं हेल्मेट एकदा थांबलं. मागे न बघता हेमंतनं एक हात वर केला, हलवला नाही, नुसता वर धरला, आणि मग तो वळला.